खारीला घर हवं होतं

आमच्या धंद्याला मराठीत दलाली म्हणतात. हा शब्द उच्चारताना माणसाचं तोंड किंचित वाकडं होतं. बेंगळुरात आम्हाला ब्रोकर म्हणतात, तेव्हाही ते तेवढंच वाकडं होतं. सव्वीस वर्षं ही वाकडी तोंडं बघत मी जे. पी. नगरात आणि आसपास भाड्याची घरं दाखवली. गेल्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, काम बंद केलं. गुडघे जिन्यांना नाही म्हणायला लागले, आणि ब्रोकरचे गुडघे गेले की दुकान गेलंच.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असं संपादक बाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझं मराठी घरातलं. आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आले आणि त्यांचं परत जायचं राहून गेलं. आमच्यात भाऊ म्हणजे अण्णा, बहीण म्हणजे अक्का, आणि आमटीत मीठ नेहमी 'स्वल्प' जास्त होतं, 'थोडं' कधीच होत नाही. पुण्याहून आलेल्या सुना आमचं बोलणं ऐकून हसतात. संपादक म्हणाल्या, तसंच लिहा. म्हणून लिहिते.

काम तसं समजायला सोपं. एकाकडे रिकामं घर असतं, दुसऱ्याला घर हवं असतं आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास नसतो. ब्रोकरनं मधे उभं राहायचं. घरमालकाला सांगायचं, माणसं चांगली आहेत. माणसांना सांगायचं, पाणी चोवीस तास येतं. यातलं खरं किती, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर. घरं कुठं रिकामी आहेत हे मात्र स्वतःच हुडकायला लागतं. गेटवर 'टु लेट'ची पाटी लागेपर्यंत उशीर झालेला असतो. कोण घर सोडणार हे सगळ्यात आधी कळतं इस्त्रीवाल्याला, कारण पडदे धुवायला निघतात. मग फुलवालीला, मग रस्ता झाडणाऱ्या बायकांना, कारण कचऱ्यात जुन्या चपला आणि फुटके डबे यायला लागतात. सकाळी साडेसहाला स्कूटर काढून या लोकांशी पाच-पाच मिनिटं बोलायचं, हीच माझी कचेरी.

घरमालकांचे नखरे तुम्हाला ठाऊक आहेतच. मांस-मच्छी नको, एकटी मुलं नकोत, वकील नको, पोलीस तर नकोच. एकांना डावखुरा भाडेकरू नको होता, कारण कधी विचारायचं धाडस झालं नाही. पण या सगळ्या नकारांच्या वर एक नकार होता, कुत्र्याचा. कुत्रं आहे म्हटलं की फोनच्या त्या टोकाला घाईचं काहीतरी काम निघायचं.

खरं सांगायचं तर मी घरमालकांच्याच बाजूची होते. लहानपणी मला कुत्रा चावला होता. त्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला लागायची. ती घेतलेल्या माणसाला कुत्र्याबद्दल प्रेम वाटावं ही अपेक्षा जास्तीची आहे. समोरून कुत्रं आलं की मी आजही रस्ता बदलते, म्हणजे बदलत होते.

एक गोष्ट इथं कबूल केली पाहिजे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि एक पांढरं पॉमेरियन. घरमालक कुत्र्याला हो म्हणणार नाही हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "सांगूच नका. आधी सामान लावा. पंधरा दिवसांनी आणा. एकदा आत गेलं की कोण काढतंय?" त्यांनी तसंच केलं. आणलं, तिसऱ्या दिवशी ते भुंकलं, आणि घरमालकानं 'कुत्रा तरी नाही तर तुम्ही तरी' असं सांगितलं. शाळा सुरू झाली होती, दुसरं घर कुठून मिळणार? कुत्रा कनकपुरा रोडकडच्या कुणाच्या तरी शेतावर गेला. महिन्याभरानं ती मुलगी मला भाजीबाजारात भेटली. आईचा हात सोडून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आँटी, लपवा म्हणून तुम्हीच सांगितलेलं ना?"

त्या दिवसापासून मी नियम केला. कुत्रं असेल तर पहिल्याच वाक्यात सांगायचं. या नियमानं माझी किती गिऱ्हाइकं गेली विचारू नका. कुत्रेवाले यायचे, मी खरं सांगणार म्हटलं की दुसऱ्या ब्रोकरकडे जायचे. मलाही बरंच वाटायचं. कुत्र्यांशी संबंध नको.

अशात एका दुपारी प्राजक्ताचा फोन आला.

"काकू, तुम्ही मराठी बोलता असं कळलं. मला घर पाहिजे. मी एकटी आहे, अंडी-मटण खाते आणि माझ्याकडं एक कुत्री आहे. आत्ताच सांगते, नंतर कटकट नको."

एका दमात तिन्ही गुन्हे कबूल करणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते. मुलगी सांगलीची. वय अठ्ठावीस-एकोणतीस, ऑफिस मारतहळ्ळीला, राहायला सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. तिथल्या घरमालकाचा मुलगा परदेशातून परत येत होता, त्यामुळे पुढच्या महिनाअखेर घर सोडायचं होतं. हातात पाच आठवडे. जे. पी. नगर तिला ऑफिसपासून लांब पडणार होतं, पण सर्जापूर आणि मारतहळ्ळीकडचे सगळे ब्रोकर करून झाले होते.

"जात कुठली?" मी विचारलं.

"माझी?" तिचा आवाज एकदम कडक झाला.

"अगं, कुत्रीची."

ती हसली. "रस्त्यावरची आहे काकू. सगळं बंद होतं ना, तेव्हा मी फ्लॅटमध्ये चार महिने एकटी होते. ही खाली पार्किंगमध्ये सापडली, एवढीशी. रंग खारी बिस्किटासारखा. म्हणून खारी."

मी तिला भेटायला गेले ती 'कुत्री गाडीत ठेव' या अटीवर. खारी गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. मध्यम उंचीची, एक कान उभा, एक पडलेला. मी चार हात लांब उभी राहूनच बोलले.

पुढच्या चार आठवड्यांत आम्ही सतरा घरं बघितली. एका साहेबांना कुत्रं चालणार होतं, पण परदेशी जातीचं. ही रस्त्यावरची म्हटल्यावर ते म्हणाले, "आमच्या लेआउटमध्ये ते शोभत नाही." एका बाईंनी फोटो मागवला, दोन दिवस ठेवून घेतला आणि कळवलं, "डोळे फार छान आहेत, पण नको." तिसऱ्यांना कुत्री चालत होती, बिनलग्नाची मुलगी चालत नव्हती. प्राजक्ता पायऱ्या उतरताना म्हणाली, "मग काकू, खारीच्या नावानं घेऊया का घर? मी तिच्याकडं पाहुणी म्हणून राहते." चौथे म्हणाले, गच्चीवर बांधून ठेवा, उन्हापावसाची तिला सवय असेलच. त्यावर प्राजक्ता उठली. मीही उठले. कॉफी अर्धी राहिली.

गुन्हे कबूल करायची तिची पद्धत तशीच होती. दार उघडलं की नमस्कार, आणि लगेच, "माझ्याकडं कुत्री आहे." एकदा मीच म्हटलं, "जरा बसू तरी दे त्यांना." ती म्हणाली, "तुमचाच नियम आहे ना काकू?" ते खरंच होतं. पण नियम पाळणारं गिऱ्हाईक भेटलं की नियम किती महाग आहे ते कळतं.

घर सोडायला आठ दिवस राहिले तेव्हा तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"काकू, आता माझ्या एकटीसाठीच बघा. खारीची सोय केलीय. होसूर रोडच्या पुढं एक पाळणाघर आहे, तिथं महिन्यावारी ठेवतात. रविवारी भेटायला जाता येईल."

"आणि सांगलीला?"

"बाबांना दमा आहे. केसांनी त्रास होतो."

धंद्याच्या दृष्टीनं हे उत्तम होतं. नोकरीवाल्या एकट्या मुलीला मी दोन दिवसांत घर दिलं असतं. मी 'सरी', म्हणजे बरं, म्हणणार होते. तेवढ्यात मागून कसला तरी आवाज आला, पंजाच्या नखांनी फरशी टिकटिक वाजते तसा, आणि प्राजक्ता फोन बाजूला धरून म्हणाली, "काही नाही गं, काही नाही." ते मला नव्हतं.

"चार दिवस दे मला," मी म्हटलं.

माझ्याकडे एकच घर उरलं होतं, तेही ज्याचं नाव आम्ही ब्रोकर आपसात हसून घेत असू. जे. पी. नगरातच, शांत क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत. खाली घरमालक, वर दोन खोल्या आणि गच्ची. घरमालक नरसिंहय्या, सरकारी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे हेडमास्तर. सगळा मोहल्ला त्यांना मेष्ट्रु म्हणायचा, म्हणजे मास्तर. वरचा मजला दोन वर्षं रिकामा होता, कारण मेष्ट्रु भाडेकरूची परीक्षा घ्यायचे आणि सगळे नापास व्हायचे. एकजण गेटला कडी न लावता आला म्हणून, दुसरा दहा मिनिटं उशिरा आला म्हणून. त्यांच्या पत्नी शारदम्मा दर वेळी आत कॉफी गाळून ठेवायच्या आणि ती आम्हालाच प्यायला लागायची. मुलगा अमेरिकेत. घरात दोघंच.

मी एकटीच गेले. गेटवर पत्र्याची जुनी पाटी होती, 'नायी इदे, एच्चरिके'. म्हणजे, कुत्रा आहे, सावधान. सगळ्या गल्लीला माहीत होतं की त्या घरात कधी कुत्रा नव्हता. चोरांसाठी लावलेली थाप होती ती.

मी नियमाप्रमाणे पहिल्या वाक्यात सांगितलं. मेष्ट्रुंनी चष्मा काढला.

"सुमनक्का, इतकी वर्षं तुम्ही मला ओळखता. कुत्रा? माझ्या घरात?"

"मेष्ट्रे, तुम्ही मुलांना आयुष्यभर काय शिकवलंत? खोटं लिहायचं नाही. आणि गेटवर पंधरा वर्षं खोटं लिहून ठेवलंय."

"कुठं?"

मी बोट दाखवलं. आतून शारदम्मा इतक्या जोरात हसल्या की त्यांच्या हातातलं भांडं वाजलं. मेष्ट्रुंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गणिताच्या मास्तराला फळ्यावरची स्वतःची चूक विद्यार्थ्यानं दाखवावी तसा. त्यांनी चष्मा परत लावून पाटी वाचली आणि ते म्हणाले, "एक महिना. परीक्षेपुरता. आणि अटी मी लिहून देणार."

अटी अकरा होत्या. कुत्री पुढच्या अंगणात येणार नाही. जास्वंदीजवळ जाणार नाही. दुपारी दोन ते चार भुंकणार नाही. खालच्या मजल्यावरचं कुणी तिला खायला देणार नाही, हीही एक अट होती. ती शारदम्मांसाठी होती, हे उघड होतं. प्राजक्तानं सगळ्या वाचल्या आणि सही केली. मग म्हणाली, "सर, दोन ते चारचं मी खारीला समजावते. पण तिला घड्याळ कळत नाही, स्वल्प सांभाळून घ्या." तिच्या त्या एका कन्नड शब्दावर मेष्ट्रु हसता हसता राहिले.

ती राहायला आली ते श्रावणात. मी अधूनमधून जाऊन बघून यायची. तक्रार नव्हती. मेष्ट्रु सकाळी सहाला फिरायला निघायचे, त्याच वेळी प्राजक्ता खारीला घेऊन उतरायची. दोघं एका दिशेनं, पण वीस पावलांच्या अंतरानं चालायचे. इस्त्रीवाल्यानं मला सांगितलं, की ते अंतर आता दहा पावलांवर आलंय.

मग गणपती आले. विसर्जनाच्या एका संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला माझा फोन वाजला. मेष्ट्रु कधी फोन करत नसत. ते नुसतं एवढंच म्हणाले, "सुमनक्का, नायी होय्तु."

म्हणजे, कुत्री गेली. गेली म्हणजे काय, हेच आधी विचारलं.

झालं होतं असं. प्राजक्ता ऑफिसला होती. दिवसभर खारी वर असायची, पण संध्याकाळी शारदम्मा जिन्याचं दार उघडून तिला खाली आणायच्या, अट मोडून. गल्लीतला गणपती वाजतगाजत गेटाशी आला. शारदम्मा आरतीचं ताट घेऊन पुढं झाल्या, मेष्ट्रुंनी गेट उघडलं आणि त्याच क्षणी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. खारी त्यांच्या पायांमधून बाणासारखी गेली.

"प्राजक्ताला सांगितलंत?" मी विचारलं.

ते म्हणाले, "तुम्ही सांगा. तुमची भाषा एक आहे. म्हणावं, दार चुकून उघडं राहिलं."

चाळीस वर्षं पोरांचे कान धरलेला माणूस एका मुलीला फोन करायला घाबरत होता. मला राग यायला हवा होता, पण आली ती कीव. भाजीबाजारातली ती नऊ वर्षांची मुलगी मला आठवली. मी म्हटलं, "नाही मेष्ट्रे. तुम्ही करा. आणि जसं झालं तसं सांगा."

त्यांनी केला. प्राजक्तानं त्याच रात्री मला सांगितलं, ते इंग्रजीत म्हणाले होते, चूक माझी आहे, गेट मी उघडलं. ती एक शब्द रागावली नाही. "रागावायला श्वास तर पाहिजे ना काकू," असं म्हणाली. मारतहळ्ळीहून रिंग रोडवरच्या त्या गर्दीतून तिला यायला अडीच तास लागले. तोवर मेष्ट्रु पांढरा पंचा सावरत चार क्रॉस फिरून आले होते. ते "खारा, खारा" अशा हाका मारत होते, कारण आमच्याकडच्या बेकरीत बिस्कीट मिळतं ते खारा. त्यांनी ते नाव आपल्या परीनं दुरुस्त करून घेतलं होतं.

सापडली नाही. दुसरा दिवस गेला. प्राजक्तानं रजा टाकली. ती गाडी घेऊन बनशंकरीपर्यंत फिरली, फोटो लावले, फोनवर फोटो पाठवले. मी फोटो बिटो काही केलं नाही. मला जे येतं ते केलं. साडेसहाला स्कूटर काढली आणि माझ्या माणसांकडे गेले. इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला, फुलवालीला, वॉचमनांना, प्रत्येकाला तेच: रिकामं घर बघता तसंच बघा, फक्त या वेळी आत कुणी राहायला आलंय का ते बघा. घाबरलेलं जनावर माणसं नसलेली जागा शोधणार, एवढा माझा हिशेब. आणि माणसं नसलेल्या जागा या भागात माझ्याइतक्या कुणाला ठाऊक?

तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी मुनियम्माचा फोन आला. ती आमच्या भागात रस्ता झाडते. "अक्का, पाण्याच्या टाकीमागं ते कुलूप लावलेलं घर आहे ना, तुम्ही दाखवता ते? मागच्या बाजूला काहीतरी कण्हतंय."

त्या घराची किल्ली माझ्याच पिशवीत होती. मी पाच मिनिटांत पोचले. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाखाली खारी होती. पुढचा एक पाय उचलून धरलेला, अंगाला चिखल. मला बघून गुरगुरली नाही, पळायच्या तयारीत नुसती ताठ झाली. भिंतीला एके ठिकाणी भगदाड होतं, तिथूनच ती आत आली असणार. मी प्राजक्ताला फोन केला, ती वीस मिनिटांवर होती. मेष्ट्रुंना केला. मग लक्षात आलं, ते भगदाड कुणीतरी अडवून बसायला हवं. आणि तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

बसले. भगदाडाला पाठ लावून, साडी गोळा करून. माझ्यात आणि त्या कुत्रीत पाच फूट अंतर. पोटातल्या चौदा जागा एकेक करून दुखायला लागल्या म्हटलं तरी चालेल. काय करावं सुचेना, म्हणून बोलत राहिले. मराठीत, कारण तिच्या घरची भाषा तीच. "घाबरू नको बाई. येतेय तुझी आई. मीपण घाबरलेय, बघ." भाडेकरूला घर दाखवताना बोलते तशीच बोलत राहिले. या घराला सकाळचं ऊन चांगलं येतं, मागं कढीपत्ता आहे, असलं काहीबाही.

थोड्या वेळानं ती तीन पायांवर लंगडत आली. ती आली, वळली आणि आपली पाठ माझ्या मांडीला टेकवून बसली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. मी हात उचलला आणि पहिल्यांदाच कुत्र्याच्या पाठीवर ठेवला. केस वाटले होते त्यापेक्षा मऊ होते.

प्राजक्ताच्या आधी मेष्ट्रु पोचले. धापा टाकत, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात शारदम्मांची. पांढऱ्या पंच्यासकट चिखलात बसले. खारी उठली, लंगडत त्यांच्याकडे गेली आणि सरळ त्यांच्या शर्टाच्या खिशात नाक घातलं. खिशात मारी बिस्किटं होती. ती काही त्या दिवसापुरती ठेवलेली नव्हती, नाक त्या खिशाच्या ओळखीचं होतं. मेष्ट्रुंनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. अट कुणी कुणासाठी लिहिली होती, यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

"रजेचा अर्ज न देता तीन दिवस गैरहजर," ते तिला म्हणाले. आवाज मास्तरांचाच होता, पण हात तिला बिस्कीट भरवत होता.

प्राजक्ता आली ती धावतच. तिच्याबद्दल मी लिहीत नाही. काही गोष्टी बघणाऱ्यानं बघाव्या आणि विसरल्यासारखं करावं. एवढंच सांगते, त्या दिवसापासून ती मला काकू म्हणायची बंद झाली आणि अक्का म्हणायला लागली.

परीक्षेचा महिना संपला तेव्हा मी मेष्ट्रुंकडे कराराचे कागद घेऊन गेले. म्हटलं, "महिना झाला. पुढं काय करायचं?"

"कसला महिना?" ते म्हणाले आणि सही केली.

प्राजक्ता तिथं अडीच वर्षं राहिली. शारदम्मा तिच्याकडून थालीपीठ शिकल्या, ती त्यांच्याकडून बिसीबेळे भात. मटण मात्र ती घरी कधी शिजवत नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पुढं तिला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. आईवडील जवळ येणार होते, जाणं भागच होतं. निघायच्या सकाळी शारदम्मा गाडीपाशी उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. मेष्ट्रु बाहेर आले नाहीत. अंगणात जास्वंदीला पाणी घालत राहिले, भांड्यातलं पाणी संपल्यावरही. खारी गाडीत चढेना. मग प्राजक्तानं तिला सोडलं. ती अंगणात, जास्वंदीपर्यंत गेली, मेष्ट्रुंच्या पायाशी थोडा वेळ उभी राहिली आणि आपण होऊन परत आली.

आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. वरचा मजला द्यायचाय.

मी माझ्याकडचं सगळ्यात चांगलं जोडपं नेलं. सरकारी नोकरी, शाकाहारी, वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर, गेटला कडी घालून आत आले. मेष्ट्रुंच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. त्यांनी विचारलं, "सकाळी सहाला फिरायला जाता?"

"नाही सर. आठपर्यंत झोपतो."

"दिवसा घरी कोण असतं?"

"कुणीच नाही सर," तो तरुण अभिमानानं म्हणाला. "काही आवाज नाही, काही त्रास नाही. वर कुणी राहतंय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

मेष्ट्रुंनी मान हलवली. "विचार करून कळवतो." घरमालक असं म्हणाला की नकार समजायचा, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं.

त्या दोघांना गेटपर्यंत पोचवून मी परत आले. दुसरं जोडपं, तिसरं जोडपं, सगळ्यांची नावं मनात फिरत होती. शारदम्मांनी कॉफीचा पेला माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "घर फार शांत झालंय, सुमनक्का."

मेष्ट्रु पेपर उघडून बसले होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं. मी कॉफी संपवली, पेला खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "मेष्ट्रे, कुत्रेवाला भाडेकरू बघू का?"

त्यांनी पेपर खाली केला नाही.

"फार मोठी जात नको," ते पेपरामागून म्हणाले. "जिना अरुंद आहे."